दोन बोटे पाणी

मलविसर्जनाच्या जागेसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. लीळाचरित्रात 'परिश्रय' येतो. फारसीतल्या 'सेहतखान्या'चा, म्हणजे आरोग्याच्या घराचा, मराठीत 'शेतखाना' झाला आणि त्याचा शेताशी काही संबंध असावा असे वाटण्याइतका तो आपला झाला. जुन्या पिढीतली माणसे 'बहिर्दिशेला' जात, 'झाड्याला' जात, आमच्याकडे 'परसाकडं' जात. पुढे 'संडास' रुळला, सरकारी कागदांत 'शौचालय' आले, आणि आता नव्या घरांत 'टॉयलेट' व 'वॉशरूम' आहेत. हे शब्द बारकाईने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यांतले काही जागा दाखवतात, काही दिशा दाखवतात, काही आडोसा देतात. पण तिथून पुढे काय होते, ते कुठे जाते, कोण नेते, याविषयी त्यांतला एकही काही बोलत नाही. भाषेने जणू दाराला आतून कडी घातली आहे.

शब्दांच्या या स्वभावाकडे आमचे लक्ष गेले ते भाषाशास्त्रामुळे नव्हे. देवणीच्या आमच्या घरातला जुना संडास काढून तिथे कमोड बसवावा लागला, आणि त्या निमित्ताने जमिनीखालचे पाईप उघडे पडले, म्हणून गेले.

देवणी हे लातूर जिल्ह्यातले, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेले गाव. आता तालुक्याचे ठिकाण. बाहेरच्या जगाला ते ठाऊक आहे ते बहुधा गाईबैलांमुळे. काळे-पांढरे ठिपके असलेला, दुधालाही बरा आणि नांगरालाही खंबीर असा 'देवणी' गोवंश याच गावाचे नाव लावतो. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या संस्थानात होता आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा निराळा होईतो आम्ही उस्मानाबादचे होतो. आमचे घर माळवदाचे. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी कडीपाट आणि मातीचे छत. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर अशा घरांचा भरवसा गेला, अनेकांनी ती पाडून सिमेंटची बांधली. आमचे राहिले. त्याच्या परसात, लिंबाच्या झाडापलीकडे, १९८४ साली वडिलांनी संडास बांधला: दोन पायऱ्या चढून जायचे, मध्ये बैठे भांडे (ज्याला दुकानदार 'ओरिसा पॅन' म्हणतो), एका कोपऱ्यात पाण्याची टाकी आणि टमरेल.

आईचे वय आता एक्क्याऐंशी. गेली काही वर्षे तिचे गुडघे वाकत नाहीत. हे आम्हांला ठाऊक होते. जे ठाऊक नव्हते ते निराळेच. संध्याकाळी पाचनंतर ती पाणी पिणे बंद करी. रात्री भाकरीचा चतकोर, तोही कोरडा. मे महिन्यात, उन्हाने भिंती रात्री दहापर्यंत तापलेल्या असताना, ती पाण्याचा तांब्या उशाशी ठेवून नुसती बघत पडे. का, तर रात्री उठावे लागू नये. डॉक्टरांनी मूत्रमार्गाच्या वारंवार होणाऱ्या संसर्गाचे कारण विचारले तेव्हा हे बाहेर आले. आम्ही रागावलो, तेव्हा ती म्हणाली, "त्यात काय नवीन हाय रे? नवी नवरी हुते तवापासून सवय हाय मला."

१९६३ मध्ये ती लग्न होऊन या गावात आली तेव्हा बायकांसाठी दिवसाला दोनच वेळा होत्या: पहाटेचा अंधार आणि संध्याकाळचा अंधार. मधल्या बारा-तेरा तासांचे काय करायचे, तर पाणी कमी प्यायचे. गावंदरीच्या वाटेवर कुणी पुरुष आला की बसलेल्या बायका उभ्या राहत आणि तो निघून गेला की पुन्हा बसत. हे ती कुठलाही कढ न काढता सांगते. १९८४ च्या संडासाने तिची ही सवय एकदा मोडली होती. गुडघ्यांनी ती परत आणली. म्हणजे आमच्यापुढचा प्रश्न भांड्याचा नव्हता, पाण्याच्या एका तांब्याचा होता.

भांडे बदलणे हे काम ऐकायला सोपे. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न आला, "एस की पी?" कमोडच्या पोटातच पाण्याचा बाक असतो. त्याचे तोंड खाली जमिनीत उतरत असेल तर 'एस', मागे भिंतीकडे जात असेल तर 'पी'. दुसरा प्रश्न, "भिंतीपासून किती इंचावर?" 'एस' प्रकारच्या भांड्याचे तोंड मागच्या भिंतीपासून ठरावीक अंतरावर, बहुधा नऊ किंवा बारा इंचांवर येते; जमिनीतला पाईप नेमका तिथे हवा. आमचा होता सोळा इंचांवर. बैठ्या भांड्याला त्याने फरक पडत नव्हता. कमोड मात्र भिंतीपासून सुटून मध्येच उभे राहिले असते. मनुष्य बसण्याची पद्धत बदलतो तेव्हा जमिनीखालचे भूमितिशास्त्रही बदलावे लागते, हे आम्हांला त्या दिवशी कळले.

मिस्त्री उदगीरहून आला. त्याने भांड्याभोवतीची फरशी छिन्नीने सोडवली, भांडे उचलले आणि खालच्या पाईपमध्ये एक बादली पाणी ओतले. मग तो परसातल्या टाकीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. पाणी आले, पण बादलीभर नव्हे. "माय," तो आईला म्हणाला, "पाईप सरकलाय. काळ्या मातीत असंच होतंय."

त्याचे म्हणणे खरे होते. आमची माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते. दरवर्षी ती थोडी वर येते, थोडी खाली बसते. तिच्यात पुरलेले १९८४ चे पाईप भाजक्या चिनीमातीचे होते, दोन-दोन फुटांचे तुकडे सिमेंटने जोडलेले. माती हलते, सिमेंटचा सांधा हलत नाही. म्हणून तो तडकतो. तडकलेल्या सांध्यातून ओल झिरपते आणि ओलीच्या शोधात झाडाचे मूळ आत शिरते. आम्ही चर खणला तेव्हा तिसऱ्या आणि चौथ्या सांध्यात लिंबाची मुळे केसांच्या बुचड्यासारखी माजलेली सापडली. त्यापुढचे दोन तुकडे खचून उलट्या उताराला लागले होते. त्या जागी अनेक वर्षे एक लहानसे डबके साचलेले असणार. वरून सगळे पांढरेशुभ्र, आणि खाली हे.

मिस्त्रीने दोन मार्ग सांगितले. फुटके सांधे तेवढे बदलायचे आणि नवे भांडे जुन्या लाईनीला जोडायचे; किंवा सगळी लाईन नवी टाकायची. अंतर वीस फूट. आम्ही दुसरा मार्ग धरला. चार इंची पीव्हीसीचे पाईप, रबरी कडीचे सांधे, म्हणजे माती हलली तर सांधाही थोडा हलेल. खाली आणि भोवती वाळूची गादी. वळणावर झाकण असलेला चेंबर. आणि वास व वायू वर जावेत म्हणून माळवदाच्या वर काढलेला उभा पाईप. उतार चाळीसास एक, म्हणजे वीस फुटांत सहा इंच. उतार कमी पडला तर मळ साचतो हे कुणीही सांगेल. पण तो फार झाला तरी बिघडते, कारण मग पाणी पुढे पळते आणि मळ मागे राहतो, असे मिस्त्री म्हणाला. या एका वाक्यात आम्हांला एखाद्या चांगल्या गद्यशैलीचे लक्षण ऐकू आले, ते असो.

उताराच्याच हिशेबात त्या दोन पायऱ्यांचे कोडे सुटले. लहानपणापासून आम्हांला वाटे की संडास उंचावर बांधतात तो मानमर्यादेसाठी. खरे कारण एवढेच की टाकीचे तोंड वर होते आणि उतार मिळवायला भांडे त्याहून वर न्यावे लागले. आईसाठी दोन्ही पायऱ्या काढायच्या होत्या. सहा इंचांचा उतार राखून एकच काढता आली. उरलेल्या पायरीच्या जागी सिमेंटचा उतार केला आणि भिंतीत स्टीलचा धरदांडा बसवला.

इथवर सगळे यंत्राचे होते. माणूस आला तो टाकी उघडताना.

टाकी शेवटची केव्हा उपसली हे कुणालाच आठवेना. सेप्टिक टाकीत हवेवाचून जगणारे जिवाणू मळ कुजवतात, जड गाळ खाली बसतो, वर साय धरते आणि मधले पाणी शोषखड्ड्यात जाते. पण गाळ संपत नाही, साठतो. दोन-तीन वर्षांनी तो उपसावा असा सरकारी दंडक आहे. आमच्या टाकीत तो आत येणाऱ्या पाईपच्या तोंडापर्यंत आला होता. मिस्त्री सहज म्हणाला, "गाडी बोलवायची म्हणलं तर चार-पाच दिस लागत्याल. न्हाईतर माणूस हाय एक. उतरतो."

'माणूस आहे, उतरतो.' इतके साधे वाक्य, आणि त्याचा कर्ता कोण असणार हे मराठी ऐकणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही. नाव नाही, आडनाव नाही, तरी जात ऐकू येते. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो, मिथेन असतो. उतरलेला माणूस दोन श्वासांत कोसळू शकतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. २०१३ च्या कायद्याने अशा रीतीने, संरक्षक साधनांवाचून, कुणाला टाकीत उतरवणे गुन्हा ठरवले. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख झाली. भरपाईची रक्कम वाढवावी लागते याचाच अर्थ माणसे अजून उतरत आहेत. आम्ही गाडीची वाट पाहायचे ठरवले.

त्या पाच दिवसांत आई शेजारच्या घरी जाई, आणि एका दुपारी तिने न विचारताच एक गोष्ट सांगितली. तिचे माहेर तालुक्याच्या मोठ्या गावात. तिथल्या वाड्याला १९५० च्या दशकात टोपलीचा संडास होता. मागच्या बोळातून एक बाई सकाळी येई, खालचे लहान दार उघडून टोपली ओढी आणि निघून जाई. दिवाळीला तिला फराळ मिळे. तो वरून पदरात टाकत. "गल्लीतल्या समद्या सुनांची नावं मला आजबी सांगता येतील," आई म्हणाली, "पर तिचं नाव कुनी घेतलंच न्हाई. आली का, एवढंच इचारायचे." मग थोडे थांबून, "तिलाबी कुठं जावं लागत आसंल की. ती कुठं जायची?"

या प्रश्नाला आमच्या वाचनात उत्तर आहे का, हे आम्ही त्यानंतर शोधत राहिलो. भरताने नाट्यशास्त्रात बीभत्साचे प्रकार सांगताना रक्त-आतड्यांपासून होणारा क्षोभज आणि विष्ठा-कृमींपासून होणारा उद्वेगी असा भेद केला आहे. मम्मटाने काव्यदोषांत अश्लीलाचे व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल असे तीन प्रकार मांडले. म्हणजे आपले साहित्यशास्त्र या विषयाला अगदीच पाठमोरे नाही. जुगुप्सेचा त्याने बारकाईने विचार केला आहे. मात्र तिथे जुगुप्सेचे आलंबन ती वस्तू आहे. समाजात ते आलंबन सरकले. वस्तू डोळ्यांआड गेली आणि तिची जुगुप्सा ती उचलणाऱ्या माणसाला चिकटली. रसाचे आलंबन वस्तूवरून माणसावर कसे जाते, हा प्रश्न कुठल्या वर्गात शिकवला गेल्याचे आम्हांला आठवत नाही; पण जातीचे सौंदर्यशास्त्र मांडायचे तर आरंभ इथूनच व्हावा.

आधुनिक साहित्याने हे दार उघडले. मुल्कराज आनंदांची 'अनटचेबल' ही कादंबरी १९३५ ची. बखा या सफाई करणाऱ्या तरुणाचा एक दिवस तीत आहे आणि शेवटी त्याच्यापुढे तीन उत्तरे येतात: मिशनऱ्याचे, गांधींचे आणि एका कवीचे. कवी म्हणतो की यंत्र येईल, पाण्याने वाहून नेणारे संडास येतील आणि हा धंदाच नाहीसा होईल. तकळींची १९४७ ची मलयाळम कादंबरी तीन पिढ्यांच्या सफाईकामगारांची आहे; तिच्यात संताप आहे आणि संघटनेवरचा विश्वास आहे. मराठीत अरुण ठाकूर आणि महंमद खडस यांनी 'नरक सफाईची गोष्ट' लिहून हा विषय वास्तवाच्या अंगाने मांडला. आणि दूर जपानात तानिझाकी यांनी १९३३ साली छायेच्या सौंदर्यावर निबंध लिहिताना स्वतःचे घर बांधतानाच्या अडचणींपासून सुरुवात केली. त्यांना चकचकीत पांढऱ्या चिनीमातीचा तिटकारा होता आणि जुन्या लाकडी संडासातला अंधार प्रिय होता. तो निबंध आम्हांला फार आवडत असे. आता त्यात एक उणीव दिसते. आईलाही अंधाराविषयी बरेच सांगता येईल; पण तिचा अंधार रसिकाच्या निवडीचा नव्हता.

आनंदांच्या कवीचे भाकीत निम्मे खरे ठरले. यंत्र आले. २०१४ पासूनच्या स्वच्छ भारत मोहिमेत गावोगाव बारा हजार रुपयांच्या अनुदानाने संडास उभे राहिले, २०१८ साली ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त म्हणून जाहीर झाला. पण पाण्याने वाहून नेलेले कुठेतरी थांबतेच, आणि जिथे थांबते तिथे झाकण असते, आणि झाकण कुणीतरी उघडायचे असते. यंत्राने माणसाला पुढच्या दारातून काढले आणि मागच्या चेंबरपाशी उभे केले. म्हणून जिथे एका टाकीऐवजी दोन शोषखड्डे असतात ती रचना आम्हांला अधिक सुसंस्कृत वाटते. एक भरला की दुसरा वापरायचा. दीड-दोन वर्षांत पहिल्यातल्या मळाची माती होते, ती घरधन्याने स्वतः फावड्याने काढावी. पण आमच्या फुगणाऱ्या काळ्या मातीत पाणी जिरत नाही. तिथे असा खड्डा पावसाळ्यात तुंबतो. शिवाय टाकी तर होतीच. तीच ठेवली.

गाडी सहाव्या दिवशी आली. जाड नळी, पंपाचा आवाज, आणि तासाभरात टाकी रिकामी. कुणी उतरले नाही. नंतर मिस्त्रीने नवी लाईन टाकीला जोडली, कमोड बसवले आणि सांध्यांत पाणी कोंडून ठेवून गळती तपासली. टाकी दोन बटणांची घेतली, एकाला तीन लिटर आणि दुसऱ्याला सहा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. ज्या जिल्ह्याने ते पाहिले तिथे एका खेपेला दहा-बारा लिटर पाणी ओतणारी जुन्या पद्धतीची टाकी बसवणे आम्हांला पटेना.

या सगळ्या रचनेचे मर्म मिस्त्रीने शेवटी दाखवले. भांड्याच्या बाकात नेहमी पाणी उभे राहते, सुमारे पन्नास मिलिमीटर, म्हणजे दोन-अडीच बोटे. तेवढेच पाणी घराच्या आणि टाकीच्या मधला पडदा. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग या लंडनच्या घड्याळजीने पाईपला असा बाक देण्याचे पेटंट घेतले. त्यानंतर कितीही सुधारणा झाल्या तरी आपली स्वच्छता उभी आहे ती या दोन बोटे पाण्यावर. न्हाणीच्या जाळीखालीही असाच बाक असतो आणि त्याला भारतभरचे अभियंते, इंग्रजीत बोलतानासुद्धा, 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. मराठीने या शास्त्राला दिलेला एक शब्द तरी आम्हांला असा सापडला. "घर महिनाभर बंद ठेवलं की हे पाणी आटतंय," मिस्त्री म्हणाला, "मग वास सुटतो. काही करायचं न्हाई, तांब्याभर पाणी वतायचं."

आई आता रात्री पाणी पिते. पहिल्या आठवड्यात तिने ते धास्तावून प्यायले, एकेक घोट. नंतर तांब्या सकाळी रिकामा दिसू लागला. संसर्ग पुन्हा झालेला नाही. एवढ्यासाठी हा खटाटोप होता आणि तो फळाला आला, हे आधी नोंदवले पाहिजे.

आम्ही त्यानंतर एक नकाशा काढला. लिंबापासून चेंबर किती फुटांवर, पाईप कुठे वळतो, किती खोल आहे, टाकीचे झाकण कोणत्या फरशीखाली, उपसा केव्हा झाला आणि पुढचा केव्हा करायचा. तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. वडिलांच्या वेळचा असा कागद असता तर चर खणताना दोन दिवस वाचले असते.

नकाशात एक जागा मात्र कोरी राहिली. गाडी निघाली तेव्हा आईने चालकाला हाक मारून विचारले होते, "बाबा, हे आता कुठं नेऊन टाकतोस?" तो हसला. "एका शेतकऱ्यानं रान मोकळं ठेवलंय आज्जी. पेरणीच्या आधी टाकून घेतो, खत हुतंय." न कुजलेला, न तपासलेला गाळ उघड्या रानात, उन्हात. पहिल्या पावसाने तो कोणत्या ओढ्याला जाईल हे सांगायला मिस्त्रीची गरज नाही. आणि तरीही त्याच्या उत्तरात एक जुने शहाणपण होते. याच वस्तूचे नीट कुजवून केलेले जे खत, त्याला मराठीत 'सोनखत' म्हणतात. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईचे काम स्वतःच्या हाताने करीत या खताचाही आग्रह धरला होता. १८६२ च्या 'ले मिझेराब्ल'मध्ये ह्यूगोने कथा थांबवून पॅरिसची गटारे सांगितली ती हे सोने समुद्रात जाते या हळहळीनेच.

म्हणजे भाषेजवळ आरंभाच्या जागेसाठी डझनभर शब्द आहेत आणि अंताच्या सोन्यासाठीही एक आहे. मधल्या वाटेसाठी तेवढा नाही. मिस्त्री तिला 'लाईन' म्हणतो. ती वाट ज्यांनी आजवर डोक्यावरून चालवली त्यांच्याजवळ तिचे नाव असणार. आईच्या माहेरच्या बोळातून येणाऱ्या त्या बाईजवळही असेल. ते तिला कुणी विचारले नाही, जसे तिचे स्वतःचेही विचारले नाही.